मागे उरणाऱ्याचा हक्क : 'फ्रीहेल्ड'च्या निमित्ताने

समलिंगी प्रेमाचे चित्रण करणाऱ्या चित्रपटांविषयीचा एक आक्षेप समीक्षेत आता जवळजवळ सिद्धान्तासारखा रूढ झालेला आहे. अशा चित्रपटाच्या अखेरीस दोघांपैकी एकाला मरावे लागते, हा तो आक्षेप. तो निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. हॉलिवूडच्या प्रॉडक्शन कोडने हा विषय पडद्यावर आणण्यास कित्येक वर्षे मज्जाव केला होता. १९६१ साली ही बंदी सैल झाली आणि त्याच वर्षीच्या विल्यम वायलर ह्यांच्या 'द चिल्ड्रन्स अवर'मध्ये मैत्रिणीवरील प्रेमाची कबुली देणारी शिक्षिका गळफास लावून घेते. व्हिटो रुसो ह्यांनी 'द सेल्युलॉइड क्लॉझेट' (१९८१) ह्या ग्रंथात लपवाछपवीचा आणि शिक्षेचा हा सगळा इतिहास पुराव्यानिशी मांडला. त्यानंतर मात्र वाचनाची एक सवयच जडली. पडद्यावर मृत्यू दिसला, की तो कथेने पात्राला दिलेला दंड समजायचा आणि पुढे जायचे. 'फ्रीहेल्ड' (२०१५) ह्या पीटर सोलेट दिग्दर्शित चित्रपटाचे बरेचसे वाचन ह्याच सवयीने होऊ शकते, कारण त्याची नायिका कर्करोगाने मरते. परंतु ह्या चित्रपटातील मृत्यू हा रूपबंधाच्या संकेतातून आलेला नाही, कायद्याच्या इतिहासातून आलेला आहे, असे मला वाटते. चित्रपटाचे यश आणि त्याचा कमकुवतपणा, दोन्ही ह्या एका गोष्टीच्या आधारे तपासता येतात.

प्रथम घटनाक्रम पाहू. न्यू जर्सी राज्याच्या अटलांटिक किनाऱ्यावर ओशन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारणतः आपला जिल्हा. तेथील सरकारी अभियोक्त्याच्या कार्यालयात लॉरेल हेस्टर तपास अधिकारी होत्या. तेवीस वर्षे नोकरी करून त्या लेफ्टनंटच्या पदापर्यंत पोहोचल्या होत्या. मोटार-मेकॅनिक असलेल्या स्टेसी आंद्रे ह्यांच्याबरोबर त्यांनी घर केले. १० जुलै २००४ रोजी न्यू जर्सीत डोमेस्टिक पार्टनरशिपचा कायदा अमलात आला आणि ह्या दोघींनी आपल्या सहजीवनाची रीतसर नोंद केली. (त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर जिम मग्रीवी ह्यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपण स्वतः समलिंगी असल्याचे जाहीर करून राजीनाम्याची घोषणा केली. इतिहासाला असे योगायोग कधीकधी सुचतात. कादंबरीकाराने ते योजले असते तर आपण नाक मुरडले असते.) पुढे हेस्टरना फुफ्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. आपल्यामागे फॅमिली पेन्शन आंद्रे ह्यांना मिळावे, म्हणजे घराचे हप्ते भागतील, एवढीच त्यांची मागणी होती.

आणि येथेच कायद्यातील फट समोर आली. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना हा लाभ कायद्याने दिला होता. काउंटीच्या आणि नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांबाबत मात्र निर्णय त्या त्या स्थानिक मंडळावर सोपवला होता. काही काउंट्यांनी ठराव केले. ओशन काउंटीच्या पाच सदस्यांच्या मंडळाने नकार दिला. कारणे दोन पुढे आली : खर्च आणि विवाहसंस्थेचे पावित्र्य. एका तोंडाने हिशेब आणि दुसऱ्या तोंडाने धर्म बोलण्याची ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही. टॉम्स रिव्हर येथील मंडळाच्या सभांना पोलीस, शेजारी, चळवळीतील कार्यकर्ते असे सगळे जमू लागले. बातमी राज्याबाहेर गेली. जानेवारी २००६ मध्ये हेस्टर ह्यांचे चित्रमुद्रित आवाहन सभेत दाखवले गेले, आणि त्यानंतर काही दिवसांतच मंडळाने आपला निर्णय फिरवला. १८ फेब्रुवारी २००६ रोजी हेस्टर वारल्या. त्यांचे वय ४९ होते.

मंडळाच्या नावाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण चित्रपटाचे नाव त्यावरील श्लेष आहे. न्यू जर्सीत काउंटीच्या मंडळाला 'बोर्ड ऑफ चोझन फ्रीहोल्डर्स' म्हणत आणि त्याच्या सदस्याला 'फ्रीहोल्डर'. वसाहतकाळात ज्याच्याकडे कोणाच्याही कुळकीचे ओझे नसलेली, स्वतःच्या मालकीची जमीन असे, तोच सार्वजनिक कारभारात बसण्यास पात्र मानला जाई. मराठी वाचकाला ह्या शब्दाचा गाभा 'मिरासदार' ह्या आपल्या जुन्या शब्दावरून लगेच कळेल. गावात ज्याची जमीन वंशपरंपरेने आणि अबाधित, तो मिरासदार. आज येथे, उद्या तेथे कसणारा तो उपरी. उपऱ्याने जमीन कितीही वर्षे कसली तरी ती त्याच्यामागे त्याच्या माणसांकडे हक्काने जात नाही. मिरासदारीचे सार मालकीत आहे त्याहून अधिक ती पुढे देता येण्यात आहे. हेस्टर आणि आंद्रे ह्यांची स्थिती नेमकी उपऱ्याची होती. घर त्यांचे होते, नोकरी त्यांची होती, तेवीस वर्षांची सेवा निर्विवाद होती; फक्त पुढे देण्याचा अधिकार नव्हता. तो द्यायचा की नाही हे ठरवणार होते पाच पुरुष, ज्यांच्या पदाचे नावच मिरासदार असे होते. चित्रपटाच्या शीर्षकातील 'हेल्ड' ह्या क्रियापदाला धरून ठेवणे, अडवून ठेवणे आणि कवेत घेणे असे तिन्ही अर्थ चिकटतात. मराठीत त्याला एका शब्दाचा प्रतिशब्द नाही आणि तो शोधण्याचा खटाटोप न करणे बरे. न्यू जर्सीच्या विधिमंडळाने २०२० साली केलेल्या कायद्यान्वये हे पदनाम रद्द झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून त्या मंडळांना 'काउंटी कमिशनर्स' म्हणतात. जमीनदार गोऱ्या पुरुषांच्या सत्तेची ती खूण होती, हे कारण देण्यात आले. अर्थात ह्याच राज्याच्या १७७६ च्या घटनेमुळे मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रिया आणि विधवा १८०७ पर्यंत मतदान करीत होत्या, हेही नोंदवून ठेवावे. विवाहित स्त्रीची मालमत्ता नवऱ्याची, म्हणून तिला मत नाही. मालमत्ता, विवाह आणि नागरिकत्व ह्यांची ही गाठ अशी जुनी आहे.

आता मृत्यूच्या प्रश्नाकडे वळता येईल. अमेरिकेत समलिंगी जोडप्यांना कायद्याने ओळखण्याचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ही ओळख अनेकदा जोडप्यातील एकाच्या मृत्यूच्या दारातून आत आली आहे. ईडिथ विंडसर आणि थिया स्पायर ह्यांनी २००७ साली टोरांटो येथे लग्न केले. २००९ साली स्पायर वारल्या आणि विंडसर ह्यांच्यावर ३,६३,०५३ डॉलरचा केंद्रीय वारसाकर बसला, जो नवऱ्यामागे राहिलेल्या बायकोला बसला नसता. ह्या कराच्या परताव्याचा दावा म्हणजेच २६ जून २०१३ चा 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध विंडसर' हा निकाल. जिम ओबर्गफेल ह्यांचा सोबती जॉन आर्थर स्नायूंच्या असाध्य रोगाने अंथरुणाला खिळलेला होता. ओहायोत लग्न होईना, म्हणून विमानाने मेरीलँडला जाऊन, धावपट्टीवरच, विमानातून खाली न उतरता, त्यांनी जुलै २०१३ मध्ये लग्न लावले. पुढचा खटला कशासाठी होता? आर्थरच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'मागे उरलेला जोडीदार' ह्या रकान्यात ओबर्गफेल ह्यांचे नाव लागावे ह्यासाठी. २६ जून २०१५ रोजी ज्या निकालाने संपूर्ण अमेरिकेत समलिंगी विवाह वैध ठरला, त्याच्या मुळाशी मृत्यूच्या दाखल्यावरील एक रकाना आहे.

हा योगायोग नव्हे. दोन माणसे एकत्र राहतात, जेवतात, भांडतात, तोवर राज्यसंस्थेला त्यांच्याकडे पाहण्याचे कारण पडत नाही. त्यांच्यापैकी एक गेला, की मालमत्ता, कर, पेन्शन, अंत्यविधी असे सगळे प्रश्न एकदम कार्यालयाच्या टेबलावर येतात आणि तेथे एक नाव लिहावेच लागते. ते नाव कोणाचे, हा प्रश्न पडताच आजवर अदृश्य असलेले नाते दृश्य होते. कायदा ह्या जोडप्याला प्रथम ओळखतो तो वैधव्याच्या परिभाषेत. एचबीओच्या 'इफ दीज वॉल्स कुड टॉक २' (२०००) ह्या त्रिखंडी चित्रपटाचा १९६१ सालात घडणारा पहिला भाग ह्याच्या उलट बाजूचे चित्र दाखवतो. व्हनेसा रेडग्रेव्हने साकारलेली वृद्धा सोबतिणीच्या मृत्यूनंतर स्वतःच्याच घरात पाहुणी होते; मृत स्त्रीचे नातेवाईक येऊन वस्तूंची वाटणी करू लागतात. हा भाग सुरू होतो तेव्हा ह्या दोघी चित्रपटगृहात 'द चिल्ड्रन्स अवर' पाहत असतात. एका पडद्यावर कथेने दिलेला मृत्यू, आणि बाहेर आल्यावर खरा मृत्यू, ज्याची कायद्याला दखल नाही. दिग्दर्शिका जेन अँडरसन ह्यांनी दोन मृत्यूंमधील हा फरक कोणतेही भाष्य न करता दाखवला आहे, आणि समीक्षेने तो पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

'फ्रीहेल्ड' ह्या नावाच्या संहिता दोन आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. पहिली सिंथिया वेड ह्यांचा ३८ मिनिटांचा माहितीपट (२००७). त्याला फेब्रुवारी २००८ मध्ये लघु-माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. त्याचे चित्रण हेस्टर ह्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यांत झाले. ती संहिता मागणी करणारी आहे : माणूस मरतो आहे, सभा चालू आहे, कॅमेरा दोन्हीकडे आहे, आणि पुढे काय होणार हे कॅमेऱ्यालाही ठाऊक नाही. दुसरी संहिता आठ वर्षांनी आलेला कथापट. लॉरेलच्या भूमिकेत ज्युलियन मूर, स्टेसीच्या भूमिकेत एलियट पेज. (ह्या कलावंताने २०२० साली आपण पारलिंगी असल्याचे जाहीर केले; श्रेयनामावलीत पूर्वीचे नाव आहे.) हा कथापट सप्टेंबर २०१५ मध्ये टोरांटो महोत्सवात आणि ऑक्टोबरमध्ये चित्रपटगृहांत आला, म्हणजे ओबर्गफेल निकालानंतर अवघ्या तीनेक महिन्यांनी. ज्या हक्कासाठी पात्रे झगडताहेत तो प्रेक्षकाला मिळून चुकलेला आहे. त्यामुळे मागणीची संहिता स्मारकाची संहिता झाली. स्मारकात ताण कमी असतो आणि चबुतरा मोठा. मंडळातील सदस्यांचे सोपे खलनायकीकरण, त्यांच्यातल्या एकालाच सद्सद्विवेकाची टोचणी लागणे, टाळ्यांनी संपणाऱ्या सभा, हे सगळे ह्या चबुतऱ्याचे दगड आहेत. २००५ साली हे मंडळ म्हणजे बहुसंख्यांचे मत होते, ही गोष्ट २०१५ च्या प्रेक्षकाला विसरणे फार सोपे केले गेले आहे. माझ्या मते चित्रपटाचा सर्वांत गंभीर दोष तो हाच.

दुसरा प्रश्न कथनाचा आहे. पटकथाकार रॉन नायस्वानर ह्यांनीच बावीस वर्षांपूर्वी 'फिलाडेल्फिया' (१९९३) लिहिला होता. तेथे एड्सग्रस्त समलिंगी वकिलाची बाजू मांडणारा दुसरा वकील भिन्नलिंगी असतो, आरंभी किळस करणारा असतो आणि प्रेक्षक त्याचा हात धरून कथेत शिरतो. 'फ्रीहेल्ड'मध्ये हे स्थान डेन वेल्सला मिळाले आहे. तो लॉरेलचा पोलीस खात्यातील सहकारी, इंग्रजीत तिचा 'पार्टनर'. आणि स्टेसीही 'पार्टनर'च. मराठीत आपण एकीला जोडीदार म्हणू आणि दुसऱ्याला सहकारी, त्यामुळे ह्या शब्दावरचा सगळा खेळ अनुवादात नाहीसा होतो. चित्रपटाच्या अर्थाचा मोठा भाग मात्र त्यावर उभा आहे. खात्यातील पार्टनरपासून घरातील पार्टनर लपवलेली असते. लॉरेल व्हॉलीबॉल खेळायलासुद्धा राज्याची सीमा ओलांडून पेनसिल्व्हेनियात जाते, ती ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून. सत्य कळते तेव्हा वेल्स दुखावतो. इतकी वर्षे एकमेकांच्या जिवावर विसंबून काम केले आणि हे सांगितले नाहीस, ही त्याची व्यथा खरी आहे, आणि मायकल शॅननने ती संयमाने व्यक्त केली आहे. परंतु पुढे सभागृहात उभे राहून बोलणारा, इतर पोलिसांना हलवणारा, प्रेक्षकाच्या मनाचे परिवर्तन घडवणारा हाच राहतो.

असा मध्यस्थ आपल्या नाटकातही आहे. विजय तेंडुलकरांच्या १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या 'मित्राची गोष्ट'मध्ये सुमित्राची कथा आपल्याला बापू सांगतो. तोही तिच्यावर जीव असलेला मित्र, तोही तिच्या जगाबाहेरचा. फरक असा की तेंडुलकरांना बापूचे अपुरेपण दाखवायचे आहे. त्याला मित्रा कळत नाही, तिला तो वाचवू शकत नाही, आणि गोष्ट सांगण्याचा त्याचा अधिकारच नाटक संशयास्पद करून ठेवते. नायस्वानरच्या मध्यस्थाच्या वाट्याला असा संशय येत नाही. तेंडुलकरांच्या नायिकेच्या मृत्यूला मागे उरणाऱ्याच्या हक्काचा संदर्भ नाही, कारण तेथे सहजीवनच शक्य झालेले नाही. तुलना एवढ्यावरच थांबवली पाहिजे. ती ताणली तर दोन्ही कृतींवर अन्याय होईल.

मध्यस्थ आणखी एक आहे आणि तो अधिक रंजक आहे. 'गार्डन स्टेट इक्वॅलिटी' ह्या संघटनेचे संस्थापक स्टीव्हन गोल्डस्टीन. स्टीव्ह करेलने ही भूमिका वात्रटपणाच्या कडेवरून चालवली आहे. काहींना ती रुचणार नाही. गोल्डस्टीनला समलिंगी विवाहाचा प्रश्न पुढे रेटायचा आहे. मरणासन्न पोलीस अधिकारी हे त्याच्या दृष्टीने चळवळीला मिळालेले बळ आहे आणि तो हे लपवत नाही. लॉरेल त्याला सांगते की तिला विवाहासाठी लढायचे नाही, समतेसाठी लढायचे आहे. तिची मागणी इतर सहकाऱ्यांना जे मिळते ते मिळण्याची आहे. व्यक्तीचे दुःख आणि चळवळीची गरज ह्यांच्यातला हा व्यवहार चित्रपट क्षणभर उघडा करतो. त्या क्षणी तो भावपट राहत नाही, राजकीय चित्रपट होतो. पुढे तो हा धागा सोडून देतो. इतिहासाने मात्र तो सोडला नाही. २५ ऑक्टोबर २००६ रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 'लुइस विरुद्ध हॅरिस' खटल्यात निकाल दिला, तो जवळजवळ लॉरेलच्या भाषेत : हक्क समान असले पाहिजेत, त्या नात्याला विवाह म्हणायचे की आणखी काही, हे विधिमंडळाने ठरवावे. विधिमंडळाने 'सिव्हिल युनियन' हा पर्याय निवडला आणि तो १९ फेब्रुवारी २००७ पासून अमलात आला. हेस्टर ह्यांच्या मृत्यूला त्या दिवशी एक वर्ष आणि एक दिवस झाला होता. नाव वेगळे ठेवून हक्क समान राहत नाहीत, हे पुढील सहा वर्षांत अनुभवाला आले आणि २१ ऑक्टोबर २०१३ पासून तेथे विवाहच सुरू झाले. म्हणजे गोल्डस्टीनचे म्हणणे अखेरीस खरे ठरले. लॉरेलचे खोटे ठरले असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

नावाचा आणि हक्काचा हा वाद भारतातही नुकताच झडला आहे. 'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार' खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला आणि व्यावहारिक लाभांचा विचार सरकारी समितीवर सोपवला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रालयाने खुलासा केला की अशा जोडप्यांना संयुक्त बँकखाते उघडण्यास आणि परस्परांना नॉमिनी नेमण्यास कोणतीही आडकाठी नाही. बँकेच्या फॉर्मवर नाव लागले. परंतु नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, वारस नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 'सरबती देवी' खटल्यापासून (१९८३) सांगितले आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये 'शक्ती येझदानी' खटल्यात त्याचा पुनरुच्चार केला आहे. मृत्युपत्र नसेल तर हक्क रक्ताच्या नातेवाइकांचा. मिरासदार आणि उपरी ह्यांचा भेद फॉर्मवरील एका रकान्याने मिटत नाही.

राहता राहिली स्टेसी. ज्या हक्कासाठी सगळे चालले आहे तो तिचा आहे, आणि चित्रपटात सर्वांत कमी बोलते तीच. सभांमध्ये ती मागे बसते, भाषणे नको म्हणते, बाई बरी होणार आहे तर मरणानंतरच्या गोष्टी कशाला, असा हट्ट धरते. तिची ही गप्प राहण्याची बाजू कथापटाला नीट पेललेली नाही. तिच्या वाट्याचे प्रसंग वेल्स आणि गोल्डस्टीन ह्यांनी खाल्ले आहेत. तरीही एक प्रसंग लक्षात राहतो. गॅरेजमध्ये ती नोकरी मागायला जाते तेव्हा तिची ताकद जोखण्यासाठी गाडीची चाके काढून आलटून-पालटून बसवण्याची शर्यत लागते. समोर पुरुष मेकॅनिक. ती न बोलता हत्यारे उचलते, वाकते, बोल्ट सोडवते आणि त्याच्या आधी काम संपवून उभी राहते. हात काळे झालेले असतात. मालकाला आणखी काही विचारावे लागत नाही.